चौघींच्या पुस्तकातला बर्फ

बुकपोस्टानं पुस्तक पाठवायचं तर वेष्टणाची दोन्ही टोकं उघडी ठेवावी लागत. आत चिठ्ठी सापडली तर टपालवाला जादा आकार मागे, आणि तो मागे घरातल्या कर्त्या पुरुषाकडे. म्हणून आम्ही चौघी पुस्तकात काही घालत नसू. मागाहून एखादं कार्ड टाकायचं, तेही असं की घरातल्या कुणीही वाचलं तरी चालावं.

आम्ही चौघी अलिबागच्या मुलींच्या शाळेत एका सतरंजीवर बसत होतो. मग एकामागून एक लग्नं झाली. एक गिरगावात गेली, एक उरणला, एक मुरुडला आणि मी नागावला. लग्नात चौघींचीही नावं बदलली. नव्या नावानं हाक मारायला जीभ वळेना, आणि जुन्या नावानं कार्ड लिहिलं तर ते पोचेना. तेव्हा आम्ही एकमेकींना गावावरूनच ओळखू लागलो. गिरगावकरीण, उरणकरीण, मुरुडकरीण. मला त्या नागावकरीण म्हणत. अजून कुणी तसं म्हणालं तर मला आधी माझी सतरंजी आठवते, मग सासर.

पुस्तक गिरगावकरणीनं धाडलं होतं. तिच्या यजमानांनी ते जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलं. कुणा प्रवाशानं हिमालयात पायी केलेल्या प्रवासाची हकीकत होती. पुठ्ठ्याचा कोपरा उंदरानं खाल्लेला, पण आतली चित्रं शाबूत होती आणि प्रत्येक चित्रावर झिरझिरीत कागद होता. तो उचलला की डोंगर दिसत. पुस्तक गिरगावहून उरणला जायचं, उरणहून माझ्याकडे, माझ्याकडून मुरुडला, आणि मुरुडहून परत गिरगावात. दुसरं पुस्तक हाताशी नव्हतं, म्हणून फिरून फिरून तेच येई आणि आम्ही ते पुन्हा पहिल्यासारखं वाचत असू. पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की टपाल धरमतरवरून वळसा घेऊन येई, आणि पुस्तकाला ओलसर वास लागे.

आमचं घर वाडीतच होतं. पुढं पोफळी, मागं माड, आणि माडांच्या पलीकडं समुद्र. हे अलिबागच्या कचेरीत नोकरीला होते. सकाळी सायकलवर जात ते दिवेलागणीला येत. घरात सासूबाई, मामंजी आणि मी. मामंजी वाडी पाहत. मी त्यांच्यासमोर बोलत नसे आणि तेही माझ्याशी बोलत नसत. तशी रीतच होती. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते ओटीवरून सासूबाईंना सांगत, आणि मी माजघरात दाराआड उभी राहून सगळं ऐकलेलं असलं तरी सासूबाई आत येऊन मला तेच पुन्हा सांगत. माझं उत्तरही तसंच परत जाई.

टपाल मामंजींच्या नावानं येत असे. पहिल्या खेपेला त्यांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि आत पाठवून दिलं. दुसऱ्या खेपेला ते आत आलंच नाही. उरणकरणीचं कार्ड आलं, "पुस्तक रवाना केलंय," आणि नंतर बरेच दिवस काही नाही. मला वाटलं, वाटेत गहाळ झालं. विचारणार कुणाला?

त्याच दिवसांत वाडीतला रहाट मध्येच थांबू लागला. आमचा रेडा रहाटाला जुंपला की घरभर त्याची कुरकुर ऐकू येई, सकाळपासून. त्या आवाजाची इतकी सवय असे की तो थांबला की सासूबाई हातातलं काम सोडून म्हणायच्या, "का गं थांबला?" दोनचार वेळा असं झालं. मग मुरुडकरणीचं कार्ड आलं की तुझ्याकडून पुस्तक अजून कसं आलं नाही. ते मामंजींनी वाचलं. मला ओटीवरून त्यांचा आवाज ऐकू आला.

"अगं, तिला सांग, मुरुडला कळव म्हणावं, चार दिवस थांबा. अजून खिंड ओलांडायची राहिलीय."

सासूबाई आत आल्या आणि गोंधळून म्हणाल्या, "कसली खिंड ओलांडायची राहिलीय म्हणतायत गं?"

मला खिंड ठाऊक होती. प्रवाशाचा हमाल जिथं आजारी पडतो ती. मी पदर तोंडावर धरून हसले. त्या दुपारी विड्याची पानं खुडायचं निमित्त करून मी विहिरीकडं गेले. रेडा उभ्याउभ्या रवंथ करत होता. मामंजी विहिरीच्या काठावर बसले होते, पुस्तक मांडीवर, पानात खूण म्हणून विरीचा, पोफळीच्या झावळीच्या बुडच्या सुक्या पापुद्र्याचा, तुकडा. चित्रावरचा कागद उचलून ते डोंगरावरच्या पांढऱ्या जागेवरून बोट फिरवत होते. तिथं छापलेलं काहीच नव्हतं, कोरा कागद होता. तेवढाच आम्हाला ठाऊक असलेला बर्फ.

चौघींपैकी तो कुणीच पाहिला नव्हता. गिरगावकरणीनं मुंबईचा, गाडीवरचा पाहिला होता, पण तिचं म्हणणं, तो दगडासारखा आणि पुस्तकातला मऊ, तेव्हा हा तो नव्हे. आमची कार्डं त्यावरच चालत. उरणकरणीच्या घरामागं मिठागरं होती. तिनं लिहिलं, "ऐन हंगामात मिठाच्या राशी चांदण्यात दिसतात तसा असावा." मी लिहिलं, नुकत्याच खवलेल्या खोबऱ्यासारखा. मुरुडकरीण म्हणाली, तो कशासारखाही नसेल, नाहीतर त्या माणसानं एवढी पानं कशाला लिहिली असती?

ही कार्डं मामंजी वाचत होतेच. एकदा जेवताना ते सासूबाईंना म्हणाले, "तिला सांग, मिठासारखा नसणार. मीठ पायाला झोंबतं. तो माणूस तर बर्फावर झोपला होता."

वैशाखातल्या दुपारी सगळं घर निजलं की मी सारवलेल्या जमिनीवर आडवी होऊन पुस्तक उघडायची. जमीन पाठीला गार लागे. वाचता वाचता डोळा लागायचा आणि पुस्तकातलं बाहेर यायचं. पोफळींच्या शेंड्यांतून बर्फ पडतोय, पाटात पडून विरघळतोय, रेड्याच्या पाठीवर साचतोय. वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या भरून गेल्यात. कुणी बोलत नाही. मी अनवाणी समुद्राकडं चाललेय आणि पाय उमटतायत. जाग यायची ती कपाळावरच्या घामानं, आणि मग थोडा वेळ खरं कुठलं हे कळायचं नाही. तसं मला तिघींपैकी कुणी सांगितलं नव्हतं, पण मला खात्री होती की त्याही असल्याच दुपारी निजून उठत असतील. आणि मामंजीही, विहिरीच्या काठावर.

पुढच्या वर्षी फाल्गुनात मामंजींनी जाहीर केलं की चौलची काही मंडळी बद्रीकेदारला निघालीयत, त्यांच्याबरोबर आपण जाणार.

त्या काळी त्या यात्रेला जाणारा माणूस सगळ्यांचा निरोप घेऊन जात असे. ऋषीकेशपासून सगळी वाट पायी. मामंजींची साठी जवळ आलेली. गावात कौतुक झालं, लोक येऊन पाया पडून जाऊ लागले. सासूबाई मात्र आपलं काम करत राहिल्या. एक दिवस नारळ सोलता सोलता मला म्हणाल्या, "जन्मात यांनी कधी एकादशी धरली नाही. आताच कसा देव आठवला?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मग ओटीवरून निरोप आला, "तिला विचार, पायात काय घालावं म्हणून लिहिलंय त्या पुस्तकात?"

पुस्तक तेव्हा उरणला होतं. मी कार्ड टाकलं. उरणकरणीनं तो सगळा मजकूर बारीक अक्षरात एका कार्डावर उतरवून धाडला. इतका बारीक, की मामंजींनी तो उन्हात धरून वाचला. लोकरीचे मोजे दोन जोड, कानटोपी, तळपायाला लावायला तेल. आमच्याकडं लोकरीचं काहीच नव्हतं. गिरगावकरणीला कळवलं, तर तिनं स्वतः विणायला घेतलं. गाडी पकडण्याआधी मामंजी एक रात्र तिच्याकडंच उतरले. नंतर तिचं कार्ड आलं: "तुझे मामंजी माझ्याशी पुष्कळ बोलले. मोजे घालून घरभर चालून दाखवलं. घाम फुटला तरी काढीनात."

ते कार्ड मी अनेकदा वाचलं. मला आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. तिच्याशी ते बोलले होते.

हरिद्वारहून त्यांचं एक कार्ड आलं, सुखरूप पोचल्याचं. मग काहीच आलं नाही. सासूबाई रोज संध्याकाळी दाराशी उभ्या राहत. वाडीची कामं हे सुट्टीच्या दिवशी बघत, पण ह्यांना त्यातलं फारसं कळत नसे. रेडाही ह्यांचं ऐकत नसे. आषाढ लागला. एका पावसाळी दुपारी धरमतरकडून आलेल्या गाडीतून मामंजी उतरले. गालफडं बसलेली, नाकावरची कातडी सोललेली. सासूबाईंनी पायांवर पाणी घातलं आणि त्या आत येऊन भिंतीकडं तोंड करून रडल्या.

आठवडाभर माणसं येत राहिली. मामंजी गंगाजल देत, प्रसाद देत, देवळांविषयी सांगत. बर्फाचं नाव त्यांनी काढलं नाही. कुणी विचारलंही नाही. मी दाराआडून ऐकत होते आणि वाट पाहत होते.

गर्दी ओसरल्यावर, पाऊस जरा उघडला होता अशा वेळी, ओटीवरून आवाज आला.

"सूनबाई, जरा बाहेर ये."

सासूबाई माझ्याशेजारीच तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात तसाच राहिला. मी पदर सारखा करून उंबऱ्याशी गेले.

"बस," मामंजी म्हणाले. मी उंबऱ्याच्या आतच बसले. ते वाडीकडं बघत बोलत होते. "तुझ्या मैत्रिणींना कळवायचं म्हणून सांगतो. आम्ही दोन दिवस बर्फावरून चाललो आणि मला कळलंच नाही."

मी उंबऱ्याजवळ सरकले.

"मळका होता. वर माती, घोड्यांची लीद. माणसांची वाट पडलेली. मी समजलो चुनखडीची दरड आहे. मग एक पोरगा घसरून पडला आणि त्याच्या खाली पांढरं दिसलं. तेव्हा बसलो आणि हातानं उकरलं."

"कसा होता?" मी विचारलं. त्यांच्याशी बोललेले माझे ते पहिले शब्द. आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नसेल.

"आधी काहीच लागलं नाही. मग भाजल्यासारखं झालं. मुठीत धरून ठेवला. पाणी झालं." त्यांनी तळहात उघडून पाहिला. "कशासारखा ते मला सांगता यायचं नाही. तुझी ती मुरुडची मुलगी बरोबर म्हणत होती."

मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच वर जरा लांब गेलो. समोर सगळं पांढरं, चित्रात होतं तसं. पण मी ते बघत नव्हतो. मला वाटत होतं, आपल्याला बहिरेपण आलं की काय. कानात काहीच नाही. हात चोळून पाहिले, तर तो आवाज आला. म्हणजे कान शाबूत होते. मग लक्षात आलं, समुद्र नाही. जन्मल्यापासून तो ऐकतोय, आणि ऐकतोय हे कधी कळलं नव्हतं. तिथं नव्हता तेव्हा कळलं."

"भीती वाटली?"

"नाही. घरची आठवण झाली," ते म्हणाले, आणि उठून वाडीत गेले.

मी तसंच्या तसं तिन्ही कार्डांवर लिहिलं. घोड्यांची लीद लिहावी की नाही याचा थोडा विचार केला, मग तीही लिहिली. उरणकरणीनं उलट टपाली लिहिलं की कार्ड वाचून ती समुद्राकडं गेली आणि कान झाकून उभी राहिली, तरी आवाज येतच राहिला. गिरगावकरीण म्हणाली, आमच्याकडं ट्रामचा आवाज असतो, त्याखाली समुद्र आहे की नाही ते आता शोधायला हवं. मुरुडकरणीनं फक्त "मामंजींना माझा नमस्कार" एवढंच लिहिलं. पुढच्या फेरीपासून आम्ही पुस्तकाला पाचवा वाचणारा धरला. पुस्तक आलं की आधी मामंजी, मग मी, आणि मग मुरुड.

त्यानंतर मामंजी माझ्याशी थेट बोलू लागले. रोज नाही, पण टपाल आलं की, "सूनबाई, उरणचं कार्ड," म्हणून स्वतः उंबऱ्यापाशी आणून ठेवत. मला त्याचं इतकं सुख होतं की दुसरं काही माझ्या ध्यानात आलं नाही. ते सासूबाईंनीच एक दिवस बोलून दाखवलं. आम्ही दोघी पडवीत सुपारी कातरत होतो.

"पूर्वी दोघांचंही माझ्यावाचून अडायचं," त्या म्हणाल्या. "आता माझ्याकडून निरोप पाठवायला कुणी नाही."

त्या हसत होत्या, पण अडकित्ता थांबला होता. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी पुस्तकाला कधी हातसुद्धा लावला नव्हता. वेष्टणाची दोरी तेवढी सोडवून, गुंडाळून फडताळात ठेवत.

"वाचून दाखवू का?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं."

मी आत जाऊन पुस्तक घेऊन आले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रवासी घर सोडतो, स्टेशनावर जातो. सासूबाई कातरत होत्या. मधेच त्या म्हणाल्या, "थांब. त्याची बायको होती का?"

"लिहिलेलं नाही."

"म्हणजे होती," त्या म्हणाल्या. "पुढं वाच."

मग रोज दुपारी मी त्यांना वाचून दाखवू लागले. डोंगरांत, खिंडीत त्यांना गोडी नव्हती. बर्फ आला की त्या जांभई देत. पण वाटेत एखादं खेडं आलं, कुणाच्या घरी मुक्काम झाला, की त्या सावरून बसत. तिथल्या बायका पाणी कुठून आणतात? चुलीत काय जाळतात? एवढ्या थंडीत बाळंतिणीला कुठं निजवतात? पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. मग त्या स्वतःच सांगू लागत, की असं असं असणार, आणि मी पुस्तक मिटून ऐकत राही. त्यांच्या बोलण्यातून घरं उभी राहत, धुरानं काळवंडलेली, आत शेणी रचलेली, दाराशी कुणी बाई डोळ्यांवर हात धरून उभी. बोलता बोलता त्यांचा आवाज हळू होत जाई. मग अडकित्ता मांडीवर ठेवून त्या तशाच भिंतीला टेकून निजत, आणि मी पुस्तक उघडून पुढचं मनातल्या मनात वाचू लागे.