डाळिंबाच्या बाटलीवरची नावं

माझ्या थोरल्या जाऊबाई आणि मी इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात डाळिंबाचं सरबत करतो. डाग पडला म्हणून व्यापारी जो माल बाजूला काढतो, त्याचे दाणे सोलायचे, रस काढायचा, आटवायचा, बाटल्या भरायच्या. वर साध्या पांढऱ्या कागदाचं लेबल. बरं चाललं होतं.

मग जाऊबाईंच्या माहेरी, सुप्याकडं लग्न निघालं. त्यांच्या थोरल्या चुलतभावाच्या लेकीचं. या भावाला सगळं घर तात्या म्हणतं. तात्यांचा फोन आला, "पावण्यांच्या हातात नारळ द्यायचा न्हाय, तुमच्या घरचं सरबत द्यायचं. बाटलीवर नवरा-नवरीची नावं पायजेत. आन् लेबल असं करा, की आतला लाल रंग दिसला पायजे."

जाऊबाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. माहेरच्या मांडवात आपल्या हातचं जाणार!

आम्ही दोघी बारामतीला छापखान्यात गेलो. रंग दिसायचा तर पारदर्शक फिल्मवर छापावं लागेल, असं मालक म्हणाले. तिथल्या मुलीनं कॉम्प्युटरवर नावं मांडली. डाळिंबी अक्षरं, भोवती पानांची बारीक वेल. फार देखणं झालं होतं.

"प्रूफ कसं बघणार?" मालकांनी विचारलं. "फोनवर पाठवतो, न्हायतर कागदावर काढून देतो. खऱ्या फिल्मवर बघायचं आसंल तर मशीन लावावं लागतंय. मंगळवारपर्यंत थांबा."

"फिल्मवरच बघू," मी म्हणाले. माझ्या पिशवीत भरलेली बाटली होती. तिच्यावर लावून बघावं असं मनात होतं.

जाऊबाईंनी तात्यांना फोन लावला. "मंगळवार? आगं, बुधवारी हळद हाय. फोनवर दाव की!" तात्यांचा आवाज मलाही ऐकू आला. मालकांनी फोटो पाठवला, जाऊबाईंनी तो माहेरच्या ग्रुपवर टाकला. लगेच तात्यांचा अंगठा आला, नवरीचे हात जोडलेले आले, मागोमाग मी कधी न पाहिलेल्या पाहुण्यांचेही अंगठे आले.

"अक्का, एकदा बाटलीवर बघायला पायजे," मी हळूच म्हणाले.

"तात्या व्हय म्हणल्यावर आता मी काय बोलू?"

त्यांचंही खरं होतं. त्यांना माहेरच्या थोरल्यापुढं बोलता येत नव्हतं, आणि मी तर त्या घरची कुणीच नव्हते. मी बाटली पिशवीतच राहू दिली.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी लेबलं हातात पडली. जाऊबाईंनी पहिलं लेबल बाटलीला चिकटवलं, हातानं दाबलं आणि बघत राहिल्या. बाटलीवर काहीच नव्हतं. उलटं लागलं असेल म्हणून त्यांनी दुसरं लावलं. सरबत डाळिंबी, अक्षरं डाळिंबी. नावं आत बुडून गेली होती.

मी छापखान्यात फोन केला. मालक भांडले नाहीत, आपलं चुकलं असंही म्हणाले नाहीत. "ताई, गडद मालावर लावायचं म्हणजे अक्षरांखाली पांढरा थर द्यावा लागतो. फोनवर मागं पांढरंच दिसतंय, त्यामुळं ध्यानात येत न्हाय. आता परत छापायचं तर लग्न होऊन जाईल."

लेबलामागं पांढरा कागद लावून पाहिला, त्याला सुरकुत्या पडल्या. सोनेरी पेन फिल्मवर टिकेना. माझे यजमान लोणी देवकरच्या कंपनीतून घरी आले, त्यांनी पांढरी चिकटपट्टी गुंडाळून दाखवली. बाटली दवाखान्यातून आल्यासारखी दिसायला लागली. जाऊबाईंनी ती पट्टी ओरबाडून काढली आणि लेबलं होती तशीच एकेका बाटलीला लावायला घेतली.

"दिसत न्हायती तर कशाला लावताय, अक्का?"

"नावं छापल्यात गं त्यांची. न लावता कशी न्यायची?"

मग मीही लावायला बसले.

लग्नाच्या दिवशी तात्यांनी बाटली उचलली, फिरवली, चष्मा लावून पुन्हा फिरवली. जाऊबाई खाली मान घालून उभ्या होत्या. "हायती नावं, तात्या. पर दिसंनात."

"असूद्या. गोड हाय न्हवं?" म्हणून ते पुढच्या पाहुण्यांकडं गेले. ते रागावले असते तर आम्हाला काहीतरी सांगता तरी आलं असतं. पाहुणे बाटल्या पिशवीत टाकत होते आणि चप्पल शोधत होते. वर काय लिहिलंय, असं कुणी विचारलं नाही.

नवरी मात्र गाडीत बसता बसता थांबली. "आत्या, आमची नावं कुठं हायती?"

जाऊबाईंनी बाटली उन्हात तिरपी धरली. नुसती फिल्मची कड चमकली. त्यांनी आणखी तिरपी केली. "दिसतंय का बाळा आता?"

"व्हय की, दिसतंय," नवरी म्हणाली. ती बाटलीकडं बघतच नव्हती, जाऊबाईंच्या तोंडाकडं बघत होती.

वरात गेली. आम्ही रिकामी खोकी टेम्पोत टाकून निघालो.