सहा बाराची गाडी आणि झुलेमाचं फाटक

झुलेमा रोल्दानने आपली फळी झोपलेलं लेकरू आणावं तशी छातीशी धरून आणली. सव्वा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. दारातच तितो आडवा आला.

"द्या बाई, मी घेतो."

"तू लोकांचे दात धर. ही मला पेलते."

तितो हा लागुना सोला गावचा दातांचा डॉक्टर. बाकीचे सगळे जुने रेल्वेवाले. दर शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनाच्या ओस पडलेल्या सामानखोलीत ते जमत. प्रत्येकाने घरी फळीवर आपापला लोहमार्गाचा तुकडा बनवलेला असे. कुणाचं स्टेशन, कुणाचा पूल, कुणाची गव्हाची कोठारं. फळीला फळी लावून बोल्ट आवळले, की खोलीभर दीडशे किलोमीटरची लाइन उभी राहायची. खरी लाइन त्र्याण्णव साली वरच्यांनी बंद केली. तेव्हा झुलेमा आणि गावातल्या बायका अकरा दिवस रुळांवर बसल्या होत्या. बाराव्या दिवशी त्यांना उचलून नेलं, आणि मग रूळही उचलून भंगारात गेले. क्लबात मात्र साल कायम १९७४. कारण त्या अख्ख्या वर्षाचे वेळांचे तक्ते इतुराल्देकडे होते.

इतुराल्दे क्लबाचा अध्यक्ष, वय पंच्याऐंशी. त्या काळी कंट्रोलर होता. दूर शहरातल्या काचेच्या खोलीत कानाला फोन लावून बसायचा आणि कुठली गाडी कुठून किती वाजता गेली, ते उभ्या-आडव्या रेघांच्या कागदावर लिहायचा. ते कागद त्याने जिवापाड जपले होते. त्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे.

झुलेमाने किलोमीटर एक्क्याण्णवचं फाटक चोवीस वर्षं सांभाळलं होतं. ते क्लबाच्या लाइनीत नव्हतं. "फाटक म्हणजे काय स्टेशन आहे?" असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि तिथेच तिचं डोकं सटकलं होतं. तीन हिवाळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने ते बनवलं. आडवा दांडा विणायच्या सुईचा. निलगिरीची झाडं वाळक्या काटक्यांची. फाटकाजवळच्या तिच्या खोलीचं छप्पर पत्र्याच्या डब्याचं. पाण्याच्या टाकीपाशी तीन बदकं, त्यांतलं एक लंगडं, कारण होतंच ते लंगडं. तितोकडून तारा जोडून घेतल्या त्याही खऱ्यासारख्या: फाटक रस्त्यावर आडवं पडलं, तरच गाडीचा सिग्नल उतरणार, म्हणजे तिला वाट मिळणार.

क्लबाचा नियम साधा होता. नवी फळी पहिल्या संध्याकाळी परीक्षेला. तिच्यापायी एकही गाडी अडली, तर फळी घरी, पुन्हा पुढच्या वर्षी. झुलेमाचं वय चौऱ्याहत्तर. आता सुईत दोरा ओवायला शेजारीण लागायची. पुढच्या वर्षी डोळे साथ देतील की नाही, कुणी सांगावं? जे व्हायचं ते आज.

"घड्याळ सुरू," इतुराल्दे म्हणाला.

क्लबाचं घड्याळ सहापट पळायचं. दहा मिनिटांत एक तास सरायचा. तितोने छताला दिवे लावले होते, तेही घड्याळाबरोबर बदलायचे. खोलीत जून महिन्यातली दुपार पसरली. फिकट, थंड; तिकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. माणसं बोलायची थांबली. बोटांएवढे डबे गवत ओलांडून निघाले. त्यांची टिकटिक दूरच्या भिंतीशी बारीक होई, पूल ओलांडताना पोकळ होई, मग पुन्हा जवळ येई.

साडेचारची मालगाडी आली. झुलेमाने फाटक पाडलं, गाडी गेली, फाटक उचललं. पाचची आली, तीही गेली. उजेड मधासारखा पिवळा झाला. झुलेमाला आता फळीची कड दिसत नव्हती. फळीवरचा कच्चा रस्ता कडेला संपत नव्हता, पुढे जात होता, कुंपणं, तळं, धुराचा वास, कुणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या चादरी. तिच्या हाताला विशीतला हात जडला होता. लंगडं बदक बाजूला झालं असं तिला वाटलं.

सहा वाजून बारा मिनिटांची पॅसेंजर आली. ती चालवत होता सेफेरिनो. चौऱ्याहत्तर साली हीच गाडी त्यानेच चालवली होती. आता ऐंशीचा म्हातारा, हातात वेग कमीजास्त करायची डबी. गाडी फाटकाशी आली. सिग्नल लाल. गाडी थांबली.

झुलेमाचा हात खाली गेलाच नाही.

"एक्क्याण्णव! फाटक!" इतुराल्दे ओरडला.

तिला ऐकू आलं, पण विहिरीच्या तळाशी बसून ऐकावं तसं. उजेड नारिंगी होता. नारिंगी उजेडात ही गाडी कधी आलीच नव्हती. नारिंगी उजेडात रस्त्यावरून दुधाची गाडी जायची, सायकलवरचा पोस्टमन हात करायचा. झुलेमा बघत राहिली. सगळी खोली तिच्याकडे बघत राहिली. मग दिव्यांत निळी झाक चढली, गवत जांभळं झालं. या रंगाला ती कंदील पेटवायची. तिचा हात आपोआप खाली गेला. फाटक पडलं, सिग्नल उतरला, आणि सेफेरिनोने गाडी पुढे नेली.

भिंतीवर सहा एकोणीस.

इतुराल्देने घड्याळ बंद केलं. "सात मिनिटं."

"सातच," झुलेमा म्हणाली. ती जागी होत होती. "रोजची सातच असायची."

"काय बोलता? हे बघा. चौऱ्याहत्तर साल, जून. सहा बारा, सहा बारा, सहा बारा. माझं अक्षर आहे!"

"अक्षर तुमचं, साहेब. थंडीत फाटकाशी उभी मी. तुम्ही तिकडे शेगडीजवळ."

"नियम तो नियम. तितो, बोल्ट काढ."

तितोने पाना उचलला, पण पाय काही उचलेना. झुलेमा हात जोडणाऱ्यांतली नव्हती. तिने फक्त पत्र्याच्या छपरावर तळहात ठेवला.

"थांब रे," सेफेरिनो घसा खाकरून म्हणाला. "किलोमीटर अठ्ठ्याऐंशीवर मी गाडी थांबवायचो."

"अठ्ठ्याऐंशीवर स्टेशनच नाही!"

"नाहीच. शाळा होती. दोघी मास्तरणी सुटल्यावर रुळाकडेला येऊन उभ्या राहायच्या. बस नाही, काही नाही. थंडीत कुडकुडत. मग काय, हॉर्न मारून पुढे जाऊ? सात मिनिटं जायची. एकीच्या पिशव्याच इतक्या!"

"रोज?"

"शाळेला सुट्टी नसली की रोज."

इतुराल्देने कागदावरच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग त्याने मान वर केली, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "पण मला वेळ फोनवर कळायची. 'एक्क्याण्णव. सहा बारा. गेली.' बाईचा आवाज. वर्षानुवर्षं."

सेफेरिनो दुसरीकडे बघू लागला. झुलेमाला गप्प राहता आलं असतं. गप्प बसली असती तर सगळं सेफेरिनोच्या माथी गेलं असतं.

"मीच ती," ती म्हणाली. "गाडी अठ्ठ्याऐंशीवर उभी असायची, आणि मी तुम्हाला गेली म्हणून सांगायची. नाहीतर याची नोकरी गेली असती, आणि त्या दोघी चालत घरी."

"मागून मालगाडी सोडली असती तर? माणसं मेली असती, बाई!"

"मागची गाडी पावणेआठला. ते बघूनच सांगायची. मी खोटं बोलले, पण डोळे मिटून नाही बोलले."

"आणि मी तुमच्या आवाजावर विश्वास ठेवायचो," इतुराल्दे म्हणाला. "काचेच्या खोलीत दिवसभरात पन्नास जण माझ्यावर खेकसायचे. एक्क्याण्णव तेवढी नीट बोलायची. सहा बाराची मी वाट बघायचो."

झुलेमाचा चेहरा तापला. "ते मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली, आणि आयुष्यात फार थोड्या वेळा काढलेला शब्द तिने काढला. "चुकलं."

इतुराल्देने खिशातून पेन काढलं. जून चौऱ्याहत्तरचा कागद समोर ओढला. मग त्याने सहा बारावर रेघ मारली आणि वर सहा एकोणीस लिहिलं.

"पाऊस असला तर?" त्याने विचारलं.

"अकरा मिनिटं. छत्र्या मिटायच्या असायच्या."

"ते पुढच्या वेळी. तितो, ठेव तो पाना. गाडी अडलेलीच नाही. सेफेरिनो, गाडी मागे घे. अठ्ठ्याऐंशीवर थांब, आणि मनातल्या मनात पिशव्या चढव. बाई, तुम्ही मला कळवायचं. या खेपेला खरं."

घड्याळ मागे फिरवलं. खोलीत पुन्हा नारिंगी उजेड आला. अठ्ठ्याऐंशीवरच्या रिकाम्या गवताशी गाडी उभी राहिली, आणि कुणी हसलं नाही. मग गवत जांभळं झालं. झुलेमाने फाटक पाडलं. इवल्याशा खिडक्यांतला पिवळा उजेड तिच्या हातावरून एकेक करून सरकत गेला.

तिने शेवटचा डबा जाऊ दिला. मग खोलीच्या त्या टोकाला बसलेल्या माणसाला तिने नीट, सावकाश सांगितलं, "एक्क्याण्णव. सहा एकोणीस. गेली."

"मिळालं, एक्क्याण्णव," इतुराल्दे म्हणाला.