सरुबाईंची बारी

माझं नारायण पेठेत चष्म्याचं दुकान आहे आणि माझा स्वभाव तिरसट आहे. दोन्ही गोष्टी वडिलांकडून आल्या. आल्यागेल्याचं कौतुक करत बसायची मला सवय नाही. त्यामुळे वाघोलीच्या सरुबाईंबद्दल मी चांगलं बोलायला लागले की आमचे हे हातातली काच पुसायची थांबवून माझ्याकडे बघतात.

सरुबाईंची नि माझी ओळख एका खोलीमुळे झाली. शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी झुळझुळनगरी नावाचं वॉटर पार्क आहे, त्याला लागून रिसॉर्ट. तिथल्या बारा नंबरच्या खोलीचे आम्ही मालक. कसले मालक म्हणा! टाइमशेअर. एक खोली, बावन्न कुटुंबं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातला एकच आठवडा. आधी फुकट जेवण आणि मग न संपणारं भाषण, अशा सापळ्यात आम्ही उभयता सापडलो होतो. पेठेत राहून सापडलो, हे आम्ही फारसं कुणाला सांगत नाही.

पहिल्या वर्षी बॅगा ओढत खोलीपाशी पोचलो, तर दारात नऊवारी नेसलेल्या एक बाई केरसुणी मांडीवर घेऊन बसलेल्या. शेजारी चाकाच्या खुर्चीत एक धिप्पाड गृहस्थ, डावं अंग लुळं पडलेलं. मी म्हटलं, "अहो बाई, ही खोली आमची आहे."

"व्हय, आता तुमची बारी," त्या उठत म्हणाल्या. "म्हनून तर थांबलो. झाडून घेतलंय. न्हानीतला नळ ठिबकतोय, जरा आवळून फिरवा. खिडकीची कडी वर उचलून लावा, न्हाईतर बसत न्हाई." चावी माझ्या हातावर ठेवून त्यांनी विचारलं, "गाव कंचं?"

"नारायण पेठ."

"बरं गाव हाय," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ढकलत निघून गेल्या.

हा काय प्रकार, ते मला पुढच्या वर्षी कळलं. वाघोलीला त्यांच्या भावकीची सामाईक विहीर होती. पाण्याची प्रत्येकाची बारी ठरलेली. आपली बारी संपली की पाट साफ करायचा, कुठे फुटला असेल तर सांगायचं, आणि पुढचा माणूस आल्याशिवाय विहिरीवरून हलायचं नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की सगळ्या वाटेकऱ्यांनी मिळून गाळ काढायचा. त्या दिवशी बोलचाल बंद असलेले भाऊसुद्धा एकाच दोराला हात लावत. सरुबाई या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून त्यांनी मालकीचा हा एकच अर्थ पाहिला होता. विकणारा पोरगा त्यांना म्हणाला, "काकू, एक आठवडा तुमच्या मालकीचा, मेंटेनन्स सगळ्यांनी मिळून." तो पैशाचं बोलत होता. सरुबाईंना वाटलं, चला, विहीरच आहे ही.

त्यांनी त्याला उलट एकच प्रश्न विचारला होता, "पानी वाहतं हाय का?"

तो प्रश्न त्यांच्या यजमानांसाठी होता. जयसिंगराव, म्हणजे सगळ्यांचे तात्या, तरुणपणी त्याच विहिरीत काठावरून सूर मारायचे. उन्हाळ्यात संध्याकाळी तात्यांना जेवायला हाक मारायची तर विहिरीवर जाऊन मारावी लागे. पुढे नगर रस्त्याला भाव आला, जमीन बिल्डरकडे गेली, विहीर बुजवली, आणि तिच्यावर आता एका टॉवरचं पार्किंग आहे. त्यानंतर तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. सरुबाई या दोन गोष्टींचा संबंध जोडत, डॉक्टर जोडत नसत.

झुळझुळनगरीत एक गोल फिरणारा पाण्याचा मार्ग आहे. पत्रकात त्याला लेझी रिव्हर म्हटलंय, सरुबाई त्याला पाट म्हणत. तात्यांना ट्यूबवर बसवून त्यात सोडलं की पाणी त्यांना घेऊन जाई. ज्या माणसाला वर्षभर कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागे, तो त्या आठवड्यात कुणी हात न लावता फिरत असे. सरुबाई कधी पाण्यात उतरल्या नाहीत. टॉवेल खांद्यावर टाकून काठाकाठाने त्यांच्या बरोबरीने चालत. पाणी इतकं संथ की त्यांना मुद्दाम पाऊल आवरावं लागे. पण झटक्यापासून त्यांची चालच तशी झाली होती, कुठेही निघाल्या तरी कुणाला तरी मागे सोडू नये अशी.

आमचा आठवडा त्यांच्या लगेच नंतरचा. ते दृश्य बघायला मिळावं म्हणून आम्ही आमच्या दिवशी लवकर पोचायला लागलो. आणि त्यांनी एवढं केल्यावर आपण तसंच निघून जाणं मलाही बरं वाटेना. मीही निघताना खोली झाडली आणि पुढच्यांची वाट बघत दारात बसले. विश्रांतवाडीचे ज्ञानदेव नावाचे गृहस्थ आले, आणि मला बघून लांबूनच म्हणाले, "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही." त्यांना चावी दिली, नळाचं सांगितलं, आणि पुढच्याला सांगून जा म्हटलं. मला वाटलं, हे इथेच संपलं.

संपलं नव्हतं. काही वर्षांनी सरुबाई त्यांच्या बारीला गेल्या, तर खोली लख्ख झाडलेली, आणि दारात एक अनोळखी कुटुंब बसलेलं. "या आजी, तुमचीच वाट बघत होतो. नळ ठिबकतोय बरं का." वर्षभर माणसामागून माणूस जात ती गोष्ट पूर्ण फेरी मारून पुन्हा त्यांच्याच दारात आली होती. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमच्या जिन्यात दोन बिऱ्हाडं समोरासमोर राहतात आणि एकमेकांचा पेपरसुद्धा आत ढकलत नाहीत.

नळ मात्र ठिबकतच राहिला. त्याच्या जोडीला बाकीचंही सगळं ढासळत गेलं. लाटांच्या तलावात लाटा येईनात. घसरगुंड्यांना दोऱ्या बांधून 'काम चालू आहे' अशी पाटी लावली. चालू होती ती फक्त पाटी. प्रवेशद्वारावरच्या सिमेंटच्या हत्तीची सोंड गळून पडली. मी ईमेल लिहिली, 'हत्तीची सोंड सापडल्यास कळवावे.' उत्तर आलं, 'आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.' फोन केला की सांगत, तक्रार फक्त तुमचीच आहे मॅडम. ज्ञानदेवांनाही हेच सांगत, फक्त तुमचीच आहे सर.

मग पाटाचा पंप जळला आणि पाट बंद झाला. त्या वर्षी तात्या आठवडाभर काठावर खुर्चीत बसून होते, समोर हिरवा चिखल. "पुढच्या वर्षी नक्की," मॅनेजर साईनाथ म्हणाला. तो पोरगा वाईट नव्हता, त्याचंही वर कुणी ऐकत नसावं. पुढच्या वर्षीही चिखलच. दरम्यान तात्यांचा उजवा हातही कमजोर होत चालला होता. डॉक्टरांनी सरुबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, या उन्हाळ्यात न्यायचं तर न्या, पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही.

तेव्हा सरुबाई माझ्या दुकानात आल्या. नात वैष्णवी गाडी चालवत होती. ती आयटीत आहे, आणि आजीपुढे तिने हात टेकले होते.

"पूर्णिमाताई, गाळ काढायचा दिस धरलाय," सरुबाई म्हणाल्या. "माझ्या आठवड्यातला शनवार. तुमी पुढच्याला सांगा."

"आजी, असं नसतं गं," वैष्णवी म्हणाली. "ती कंपनीची प्रॉपर्टी आहे. लिटरली ट्रेसपासिंग होईल."

सरुबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मेंटेनन्स समद्यांनी मिळून, आसं त्यो बोलला व्हता का न्हाई?"

"बोलला होता."

"मंग आपुन मिळालो कवा?"

मी ज्ञानदेवांना फोन लावला आणि पुढच्याला सांगा म्हटलं. मनातून खात्री होती की कुत्रं फिरकणार नाही. सोसायटीच्या मीटिंगला चहा-बटाटेवडा ठेवूनसुद्धा जिथे कोरम भरत नाही, तिथे दुसऱ्याच्या आठवड्यात मे महिन्याच्या उन्हात चिखल उपसायला कोण येणार?

शनिवारी आम्ही दोघं पोचलो तर सोंड नसलेल्या हत्तीपासून रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या. माणसं घमेली, फावडी, खराटे घेऊन उतरत होती. कुणी आईला घेऊन आलं होतं, कुणी जावयाला. डिसेंबरवाले, गणपतीतल्या आठवड्याचे, परीक्षेच्या दिवसांतला आठवडा गळ्यात पडलेले. बहुतेकांनी एकमेकांना आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. विचारत होते, "तुम्ही कुणाच्या नंतरचे?" आणि उत्तर मिळालं की जुनी सोयरीक निघाल्यासारखे हसत होते. मी फाटकात उभी राहून नुसती बघत राहिले. एका बाईच्या चुकीच्या समजुतीतून एवढी माणसं उभी राहिली होती.

साईनाथ धावत आला. "अहो, एका खोलीला चारच पाहुणे अलाउड आहेत!"

"बाळा, आठवडा माझा हाय का न्हाई?" सरुबाईंनी विचारलं.

"आहे, पण…"

"मंग ही समदी माझी पाव्हणी. च्या पाजतोस का?"

साईनाथने एकदा तात्यांच्या खुर्चीकडे बघितलं, एकदा चिखलाकडे. मग "मी आतमध्ये आहे, मी काही पाहिलेलं नाही," असं म्हणून गेला. थोड्या वेळाने खरंच चहा घेऊन आला, आणि चहा वाटून झाल्यावर पँट दुमडून आमच्यातच उतरला.

दिवसभर गाळ उपसला. त्यातून टोप्या निघाल्या, एक कवळी निघाली, आणि चष्मे तर इतके निघाले की माझ्या ह्यांचा जीव वरखाली झाला. संध्याकाळी साईनाथने पाटात पाणी सोडणारी, वरच्या तळ्याची चावी फिरवली. सकाळपर्यंत पाट कमरेइतका भरला आणि तळाच्या निळ्या फरशा पुन्हा दिसायला लागल्या.

रात्री घरी गेलेलेही परत आले. आम्ही तात्यांना खुर्चीसकट उचलून पायऱ्यांपाशी नेलं, ट्यूबवर बसवलं, पाण्यात सोडलं. ते होते तिथेच राहिले. पंप जळलेलाच होता. इतक्या सगळ्या हातांनी गाळ काढला होता, पण पाण्याला चाल देणं आमच्या हातात नव्हतं. तात्यांनी खाली बघितलं आणि जड जिभेने म्हणाले, "पानी… मेलंय."

सरुबाईंचं तोंड उतरलं. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. मला रडू फुटलं, ते मी लपवलं नाही.

ज्ञानदेव पाण्यात माझ्या शेजारी उभे होते. समोरच्या भिंतीवर रंग उडालेला एक बाण होता, खाली लिहिलेलं, 'प्रवाहाची दिशा'. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाटी लावलीच आहे तर पाळू या." आणि बाणाच्या दिशेने चालायला लागले. त्यांच्या मागून मी निघाले, माझ्यामागून डिसेंबरवाले. मग काठावरचे सगळेच कपड्यांनिशी पाण्यात आले. आम्ही गोल चालत राहिलो. आधी पाणी पायांना आडवं येत होतं. मग ते बरोबर यायला लागलं. आणि मग ते मागून ढकलू लागलं, इतकं, की पाऊल टेकवण्याआधीच पुढे जात होतं. तात्यांची ट्यूब हलली, वळली, निघाली. साईनाथ तोंडाचा आ करून बघत होता. मीही बघत होते. हे पाणी आपणच चालवतोय यावर विश्वास बसत नव्हता.

"थांबा आता," सरुबाई काठावरून ओरडल्या. "बाजूला व्हा समदी."

आम्ही भिंतींना पाठ लावून उभे राहिलो. पाणी थांबलं नाही. ते तात्यांना आमच्या एकेकासमोरून घेऊन चाललं होतं, आणि तात्या उजवा हात जेमतेम उचलून प्रत्येकाला रामराम करत होते.

सरुबाई खांद्यावरचा टॉवेल सावरत काठाने निघाल्या, नेहमीच्या आवरलेल्या पावलांनी. तात्या पुढे गेले. सरुबाईंनी पाऊल उचललं, तरी तात्या पुढेच. मग टॉवेल तिथेच टाकून, ओचा वर खोचून त्या पळायला लागल्या, पळता पळता हसायला लागल्या.

"अवो, थांबा की! मला गाठू तर द्या!"

तात्या थांबले नाहीत.