पंचवीसपट जवळचं वर्तुळ

भर उन्हात डांबरी रस्त्यावर हवा उकळताना दिसली की माझ्या तळहाताला अजूनही घाम सुटतो. त्या दुपारी मंद्रूपकडच्या आमच्या नेमबाजीच्या मैदानावर मी रायफलसाठी दुर्बीण निवडत होतो. आमच्या प्रशिक्षक सरांनी दोन आणल्या होत्या, एक दहापट जवळ दाखवणारी आणि दुसरी थेट पंचवीसपटीपर्यंत जाणारी. मला अर्थातच मोठी हवी होती. ती चढवली, माठातलं गार पाणी प्यालो, पालथा पडलो आणि डोळा लावला. तीनशे मीटरवरचं काळं वर्तुळ हाताशी आलं खरं, पण तापलेल्या रानावरच्या झळांत ते नुसतं नाचत होतं. रायफल भरलेली, बोट चापावर. "लई हलतंय व्हय? झूम कमी कर की," दुसरी दुर्बीण पुसत सर म्हणाले. मी दुर्बिणीचं कडं फिरवलं. चित्र रुंद झालं, आणि टार्गेटला अगदी खेटून, मातकट लुगड्यातली एक बाई वाकून ज्वारीचा सरवा, कापणीनंतर पडून राहिलेली कणसं, वेचताना दिसली. बोट आपोआप चापावरून निघालं, मी सरांना ओरडून सांगितलं. रायफलमधली गोळी काढली आणि आम्ही दोघं पळत सुटलो. तिला काहीच कळलं नव्हतं. "लाल झेंडा कुटं लावलाय तुमी? मला वाटलं, आज बंदूक बंद हाय," ती म्हणाली. झेंड्याचा खांब खरोखरच मोकळा होता. परत आलो तेव्हा झेंडा सापडला. पाणी गार राहावं म्हणून सरांनीच तो सकाळी भिजवून माठाला गुंडाळला होता. मी दहापटवालीच घेतली. आजही मैदानावर पोचलो की मी आधी माठाकडे बघतो, मग खांबाकडे.