पाळीपलीकडची दवंडी

सिंदेवाहीहून आत, दोन कोसांवर कुकडबोडी नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीत इसरू गुरनुले बावीस वर्षं चपराशी होता. कचेरी झाडायची, नळाची चावी फिरवायची आणि गावाला काही कळवायचं असलं की डफ घेऊन निघायचं, ही त्याची कामं. धानाच्या तणसाच्या जाळावर डफ शेकून तो पहिली थाप मारी, तेव्हा चुलीपुढच्या बायासुद्धा दारात येत. आवाजच तसा होता, शब्द न् शब्द सुटा. रॉकेल आलं, लस टोचायला बाई आल्या, कुणाची म्हैस हरवली, सगळं गावाला इसरूच्या तोंडून कळायचं.

ग्रामसभेची दवंडी मात्र आखूड असायची. ग्रामसेवकाला तिकडे सचिव म्हणतात. ते सांगायचे, "इसरूभाऊ, शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंत देऊन या. उगाच पाय कशाला तोडता?" तलावाच्या पाळीपलीकडे, म्हणजे बांधाच्या त्या बाजूला, मासेमारांची वस्ती ढिवरटोला आणि तिच्या शेजारी गोंडटोला, जाऊन येऊन अर्धा कोस. इसरूला वाटे, साहेबाला आपल्या गुडघ्यांची काळजी आहे. परतला की तो दवंडीच्या वहीत सही करी. तिसरी शिकलेला माणूस. सही सुबक करायचा, पण वर काय लिहिलंय ते वाचत बसणं त्याच्या जिवावर यायचं.

अकरा वर्षं असंच चाललं. सभेला पंधरा-वीस माणसं जमत, तासभर वाट पाहून सचिव ती तहकूब करत आणि आठ दिवसांनी तीच पुन्हा भरवत. तहकूब सभेला अमुक इतकी माणसं पाहिजेतच अशी अट नसते. मग सरपंच भैयाजी आणि चार जण जे म्हणतील ते मंजूर.

सन दोन हजारच्या उन्हाळ्यात अशाच एका सभेत गावतलावाची मासेमारी बाहेरच्या ठेकेदाराला दिली गेली. ढिवरटोल्याला हे कळलं ते ठेकेदाराच्या माणसांनी त्यांची जाळी पाण्याबाहेर ओढून टाकली तेव्हा.

दोन दिवसांनी टोल्यातली रुखमाबाई कचेरीत आली. साठीची बाई, जन्म त्या तलावात गेलेला. आत सचिवांशी बोलून ती बाहेर आली आणि अंगण झाडत असलेल्या इसरूजवळ थांबली.

"इसरूभाऊ, एक इचारू का?"

"इचारा जी बाई."

"सचिव म्हणे, दवंडी टोल्यात दिली होती, तुमी काऊन नाई आले? वही दाखवली मले. खाली तुही सही आहे म्हणे. तू कवा आला होता गा?"

इसरूच्या हातातला खराटा थांबला. रुखमाबाई चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त उत्तराची वाट पाहत उभी होती. मग ती पाळीकडे चालू लागली.

दुपारी कचेरी रिकामी झाल्यावर त्यानं कपाटातून वही काढली. चिखलात पाय टाकत जावं तसा एकेक अक्षर लावत गेला. 'तीनही वस्त्यांत दवंडी दिली.' मागचं पान, त्याच्या मागचं पान. सगळीकडे तेच, आणि खाली त्याची सुबक सही.

टोल्यानं पंचायत समितीत तक्रार केली. चौकशीला विस्तार अधिकारी येणार असं ठरलं. आदल्या दिवशी भैयाजीनं इसरूला घरी बोलावून चहा पाजला.

"हो म्हणून टाक इसरू. एका शब्दाचं काम आहे. तुही नोकरी आमीच लावली ना?"

"तुमीच लावली जी," इसरू म्हणाला आणि कपबशी खाली ठेवून उठला.

घरी बायको बुधरीनं विचारलं, "मंग काय सांगान उद्या?"

"जे झालं ते."

ती पातेलं घासत राहिली. जरा वेळानं म्हणाली, "मंग धुतलेला सदरा घालून जा."

शाळेच्या वर्गात चौकशी बसली. एका बाजूला भैयाजी आणि सचिव, दुसऱ्या बाजूला टोल्यातली माणसं. अधिकाऱ्यानं वही पुढे केली. "सही तुमची?"

"माहीच."

"दवंडी दिली होती?"

इसरूनं आधी वहीतल्या आपल्या सहीकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाई साहेब. देवळापर्यंतच दिली. अकरा वर्षांपासून तसंच करून राह्यलो."

"मी असं कधी सांगितलं नाही!" सचिव उठले.

"सांगतलं होतं साहेब," इसरू शांतपणे म्हणाला. "पण पाय माहे होते ना."

अधिकाऱ्यानं जबाब लिहून घेतला आणि सहीआधी तो मोठ्यानं वाचून दाखवला. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. इसरूनं एक शब्द बदलायला लावला, मग सही केली.

सभेचा ठराव रद्द झाला. सचिवांची बदली झाली. खोट्या सहीबद्दल इसरूलाही तीन महिने कामावरून घरी बसवलं. लोकांना ते वाईट वाटलं, त्याला वाटलं नाही. "सही तर खोटीच होती," एवढंच म्हणून तो बुधरीबरोबर दुसऱ्याच्या शेतातल्या बांधीत धान रोवायला जाऊ लागला.

नवी ग्रामसभा लागली तेव्हा तो घरीच होता. डफ पंचायतीचा, तो दुसऱ्याकडे गेलेला. इसरू मोकळ्या हातानं पाळ ओलांडून गेला आणि दोन्ही टोल्यांत दारोदार सांगत फिरला. रुखमाबाईनं त्याला बसायला खाट टाकली. तो बसला नाही. पुढची घरं राहिली होती.

सभेला दोनशेवर माणसं आली. शाळेत मावेनात, म्हणून मोहाच्या झाडाखाली बसली. दोन तास कडाक्याचं भांडण झालं, कारण शेतकऱ्यांना धानासाठी पाणी सोडायचं होतं आणि ढिवरांना माशांसाठी राखायचं होतं. शेवटी गेटाच्या कोणत्या खुणेपर्यंत पाणी सोडायचं हे ठरलं आणि तलाव ढिवरटोल्याच्या मासेमार संस्थेला द्यायचा ठराव झाला. हात मोजायला तीन माणसं लागली.

सभा उठल्यावर भैयाजी घाम पुसत इसरूजवळ आला. "इतके लोक येतीन म्हणून मले आधी येऊन सांगाचं होतं."

"मलेच कुठी ठाऊक होतं, भैयाजी."

मग दोघं बरोबरच घराकडे निघाले.

पुढे दरवेळी दोनशे माणसं आली असं झालं नाही. रोवणीच्या दिवसांत साठ-सत्तर येत, कधी तीही नसत. पण निवृत्त होईपर्यंत इसरू प्रत्येक दवंडीला आधी ढिवरटोल्यात जाई आणि गावात शेवटी येई.