सात पिळांची तार

साळवे सर गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा: त्यांच्या फ्रीजमधली माझी बाटली आता कुणाच्या हाती पडणार?

लाज वाटते. पण जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं, ही सवय सरांनीच लावली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सर बारामतीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, गाव कोऱ्हाळे बुद्रुक. मी अंथुर्ण्यात मोटर रिवाइंडिंग करतो. शिक्षण दहावी. बाकीचं स्वतः वाचलेलं, आणि ते कमी नाही.

चार वर्षांपूर्वी एका विहिरीतला पंप वर काढला. पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाला, फूटव्हॉल्व्हच्या जाळीवर हिरवट, खरबरीत थर. सगळे म्हणाले शेवाळ. मी म्हणालो, हा गोड्या पाण्यातला स्पंज. म्हणजे प्राणी.

स्पिरिटमध्ये दोन बाटल्या भरल्या. दोन्ही सरांकडं नेल्या: एक तपासणीला, दुसरी त्यांच्या फ्रीजमध्ये साक्षीला.

साक्षीच्या बाटलीच्या बुचावर चोवीस गेजची तांब्याची तार. सात पीळ, टोकं आत वळवलेली.

सर हसले. "दत्ताराव, माझ्यावर भरोसा न्हाय व्हय?"

"तुमच्यावर हाय सर. जगावर न्हाय."

खरं तर त्यांच्यावरही नव्हता.

त्या दिवशी चहा घेता घेता त्यांनी मला रायबोसोमल आरएनए समजावला. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र असतं, हा त्याचा भाग. त्याची अक्षरं कोट्यवधी वर्षांत फार हळू बदलतात. काही जागा तर जवळजवळ बदलतच नाहीत. म्हणून दोन प्राण्यांची अक्षरं शेजारी मांडली की कोण कुणाचा किती लांबचा भाऊबंद ते कळतं.

मी म्हणालो, "म्हंजी फिरता रोटर आन त्याच्याभवतीचा स्टेटर, त्यांच्यामधली फट. मोटर कुठल्याबी कंपनीची असू द्या, ती फट वाढवली की मोटर मेली."

सर कप हातात धरून थांबले. "हे मी वर्गात सांगणार."

"माझं नाव घिऊन सांगा."

"घेतो की."

रिपोर्ट आला. काही अक्षरं स्पंजाशी जुळत होती, काही गोगलगायीशी.

माझं डोकंच फिरलं. दोघांच्या मधला प्राणी. कुणालाच न सापडलेला. आणि तो अंथुर्ण्याच्या विहिरीत.

सरांनी आलेख पुढं केला. "हितं बघा, एकेका जागी दोन-दोन शिखरं हायत. बाटलीत दोन प्राणी व्हते. नमुना नीट धुतला न्हाय आपण."

'आपण' म्हणाले. धुतला होता मी एकट्यानं, तीनदा.

झालं. संशय पक्का. शोध मोठा आहे, म्हणून हा माणूस मला बाजूला सारतोय. उद्या स्वतःच्या नावावर छापणार.

याच प्रोफाइलवर मी त्यांना चोर म्हटलं. नाव घेतलं नाही. पण 'कोऱ्हाळ्याचे विद्वान' लिहिल्यावर नाव घ्यायचं उरतं काय?

सरांनी खाली एकच कमेंट केली. मी ती डिलीट केली. त्यांना ब्लॉक केलं.

तीन वर्षं बोललो नाही. दर महिन्याला मात्र शोधायचो, त्यांच्या नावावर काही छापून आलंय का.

काहीच नव्हतं. मला वाटायचं, माणूस संधीची वाट बघतोय.

सर गेल्याच्या तिसऱ्या दिवशी कोऱ्हाळ्याला गेलो. वहिनींना जयभीम घातला आणि बाटली मागितली.

त्यांनी फ्रीज उघडला. कोथिंबिरीच्या मागं होती.

"किती येळा म्हणलं, टाका ही. तर म्हणायचे, दत्तारावाची हाय. त्यांच्याबिगर उघडायची न्हाय."

मी तिथंच, त्यांच्यासमोर, खिशातलं भिंग काढून तार तपासली. सात पीळ. टोकं आत. हात माझाच.

वहिनी बघत होत्या. "झालं समाधान?"

दुकानात आणून उघडली. स्पंज सुईनं उकलला. आतल्या भोकात मोहरीएवढी गोगलगाय. तिच्यामागं दुसरी. बाहेरून शंभरदा धुतलं असतं तरी निघाल्या नसत्या.

म्हणजे पुरावा तीन वर्षं सरांच्या घरातच होता. मला खोटं पाडायला एक पक्कड पुरली असती.

आज सरांच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला गेलो होतो. सरांची एक जुनी विद्यार्थिनी बोलली. म्हणाली, आरएनए शिकवताना सर कायम अंथुर्ण्याच्या दत्तारावांची मोटर सांगायचे. ते दत्ताराव आलेत का इथं?

मी हात वर केला नाही.

इथं करतोय.

ती जुनी पोस्ट तशीच आहे. काढणार नाही, लोकांनी वाचावी. तिच्याखालची जी कमेंट मी पुसली, ती शब्द न् शब्द लक्षात आहे:

"दत्ताराव, नवा नमुना घेऊन या. या टायमाला उकलून धुऊ, दोघं मिळून. चहा माझ्याकडं."

काल त्याच विहिरीतला पंप वर काढला. जाळीवर स्पंज आहे. उकलून, भिंगाखाली धरून, एकेक गोगलगाय वेचली. अकरा निघाल्या.

बाटलीला तार बांधलेली नाही.

सर, चूक माझी होती.

जयभीम.