रेषेच्या आत

लाँड्रीत तिला सगळे घडीबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या पाकिटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. डबल बेडची चादर ती एकटी हवेत उडवायची आणि कोपऱ्याला कोपरा लावून अशी खाली उतरवायची, की दोघी जणी मिळूनही तशी घडी घालू शकत नसत. त्याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे. नव्या मुलींचं काम बघून नाक मुरडायची. म्हणायची, "ही घडी आहे की बोचकं?"

शहरातल्या हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. धुऊन झाल्या की वाफेवर तापलेल्या मोठ्या रोलरखालून जात आणि पलीकडून कडक, सपाट होऊन बाहेर पडत. घडीबाई त्यांच्या घड्या घालून गठ्ठा रचायची. गठ्ठा डाव्या हातानं छातीशी घट्ट दाबून धरायचा, म्हणजे फळीवरचं सामान सरकवायला उजवा हात मोकळा राहतो. हात तर वाफेनं केव्हाच निबर झाले होते, त्यामुळे रोलर नीट तापलाय की नाही हे छातीलाच आधी कळायचं. "आज रोलर गार आहे रे," असं तिनं ओरडून सांगितलं की बॉयलरवाला मुकाट्यानं वाफ वाढवायचा. तिचा अंदाज कधी चुकला नव्हता.

मग डाव्या छातीत गाठ निघाली. स्तन काढला, औषधांनी केस गेले, वर्षभरानं परत आले. हे सगळं तिनं सोसलं. सोसवली नाही ती सपाट डावी बाजू. चादर उडवताना तिथे कपडा पोकळ फडफडायचा. तिनं छोट्या टॉवेलची गुंडाळी करून आत खोचायला सुरुवात केली. एकदा ती गुंडाळी सगळ्यांसमोर घसरून पोटावर आली. एक नवी मुलगी फिस्सकन हसली आणि मग स्वतःचीच लाज वाटून रडायला लागली. घडीबाईलाच तिची समजूत काढावी लागली.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला तिथे नवीन बसवून घ्यायचंय."

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. तो म्हणाला, "घे की बसवून. फक्त चांगल्या कंपनीचं बघ. हलका माल लगेच दगा देतो."

नणंदेनं मात्र तोंड वाकडं केलं. "या वयात कोणाला दाखवायचंय वहिनी?"

"मला. आरशात मीच असते वन्सं, तुम्ही नसता."

ऑपरेशन करून स्तनाच्या जागी इम्प्लांट बसलं. कुशीतून दोन नळ्या लोंबत होत्या, त्यांच्या बाटल्या नवरा रिकाम्या करायचा. उताणं झोपून झोपून तिची पाठ मोडली. हात खांद्याच्या वर नेताना डोळ्यांत पाणी यायचं, तरी ती भिंतीवरून बोटं सरकवत रोज थोडी थोडी वर न्यायची. आणि आरशात बघायची. कपड्यांतून दोन्ही बाजू सारख्या दिसायच्या. तिला इतका आनंद व्हायचा की कोणाला सांगायची सोय नव्हती. एवढंच, की तिथे बोट लावलं तर बोटाला छाती कळायची, छातीला बोट कळत नसे.

"तिथल्या संवेदना गेल्यात," सर्जनबाई म्हणाल्या होत्या. "शेक घ्यायचा नाही, गरम पाण्याची पिशवी लावायची नाही. भाजलं तरी तुम्हाला कळणार नाही." घडीबाईनं मान डोलावली आणि घरातली गरम पाण्याची पिशवी शेजारणीला देऊन टाकली. चादरींचा विषय सर्जनबाईंनी काढला नाही आणि तिच्याही डोक्यात आला नाही. चादर उचलणं तिच्या लेखी चालण्यासारखंच होतं. त्याचा कोण विचार करतो?

कामावर परत गेली त्या दिवशी सगळ्या तिला बघायला जमल्या. तिनं पहिला गठ्ठा उचलला, नेहमीसारखा डाव्या बाजूला दाबला आणि ओरडली, "आज रोलर गार आहे रे!"

"ताई, चांगला तापलाय की."

"आता मला तू शिकवणार?"

बॉयलरवाल्यानं वाफ वाढवली. थोड्या वेळानं ती पुन्हा ओरडली, त्यानं पुन्हा वाढवली. मग एक चादर पिवळी पडूनच बाहेर आली. बॉयलरवाल्यानं वाफेच्या काट्याकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, मग घडीबाईकडे. ती गठ्ठा छातीशी धरून उभी होती, अगदी आरामात.

"ताई, ठेवा तो खाली," तो म्हणाला. "चटका बसत नाही का तुम्हाला?"

"एवढ्याशा वाफेचा काय चटका?" ती हसली आणि फळ्यांकडे गेली. तो मात्र हसला नाही.

घरी कपडे बदलताना नवऱ्यानं विचारलं, "हे काय गं?" तिनं मान खाली घालून बघितलं. छातीच्या कडेला कातडी लालभडक झाली होती आणि मधोमध एक फोड फुटून कपड्याला चिकटला होता. तिला काहीच कळलं नव्हतं. दोघं तसेच सर्जनबाईंकडे गेले.

सर्जनबाई रागावल्या नाहीत, त्यानं ती जास्त घाबरली. इथली कातडी पातळ आहे, त्यांनी सांगितलं, आणि तिच्या लगेच खाली इम्प्लांट. तिथे जंतू शिरले तर ते काढावं लागेल. नाही काढलं तर रक्तात विष भिनेल. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पेन घेऊन लालीच्या कडेनं एक रेष ओढली. "रोज बघायचं. लाली रेषेबाहेर गेली किंवा ताप आला, की तडक इकडे. वाट बघत बसायचं नाही."

त्यातलं घडीबाईच्या डोक्यात एवढंच राहिलं, की काढावं लागेल.

नवऱ्यानं ते काम अंगावर घेतलं. त्याच्या धंद्यात नट आवळला की नटावरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची एक रेष ओढतात. पुढच्या खेपेला रेष तुटलेली दिसली, तर नट सरकला. रेष अखंड दिसली, तर त्या नटाला हातही लावायचा नाही. एवढी वर्षं माणसांनी भरलेल्या लिफ्ट त्यानं त्या रेषांच्या भरवशावर सोडल्या होत्या. आता रोज सकाळी तो चष्मा लावायचा, टॉर्च धरायचा, रेषेवरून नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "आतच आहे." दोघांचाही जीव भांड्यात पडायचा.

मग एका सकाळी, तो उठायच्या आधी, तिला न्हाणीघराच्या आरशात दिसलं. एका जागी लाली रेषेच्या बाहेर आली होती. फार नाही, बोटभर.

ती स्टुलावर बसली. त्याला हाक मारायची, एवढंच करायचं होतं. पण हाक मारली की रिक्षा, दवाखाना, टेबल आणि मग पुन्हा तो टॉवेल. तिच्या पिशवीत लाँड्रीचं पेन होतं, चादरींवर नंबर घालायचं, ज्याची शाई उकळत्या पाण्यातही जात नाही. तिनं तेलाच्या बोटानं सर्जनबाईंची रेष पुसली आणि दुसरी ओढली, लालीच्या बाहेरून. हजारो चादरींवर नंबर घातलेला हात, जरासुद्धा हलला नाही.

नवऱ्याला फसवणं सोपं नव्हतं, पण त्याची नजर रेषेवरच असायची. "आतच आहे," तो म्हणाला. "हो ना," ती म्हणाली आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या आला तेव्हा लाली आणखी पसरली होती. तिची आदल्या दिवशीची रेष काही केल्या जाईना, म्हणून तिनं ती घासून घासून फिकी केली, वर पट्टी चिकटवली आणि पट्टीच्या बाहेरून नवी ओढली. पट्टी कशाला, असं त्यानं विचारलं. फोडाला कपडा लागतो, ती म्हणाली. आता तिला अंगात कणकण जाणवायची. तापाच्या गोळ्या ती त्याच्या नकळत घ्यायची. पाणी पिताना पेला दातांवर वाजायला लागला, तेव्हा तिनं पेला दोन्ही हातांनी धरायला सुरुवात केली. छाती मात्र गप्प होती. दुखलं असतं तर ती एव्हाना ओरडत सुटली असती, पण तिथे दुखायला काही उरलंच नव्हतं.

एका दुपारी नवरा जेवायला घरी आला, तर ती सगळी पांघरुणं ओढून कुडकुडत पडली होती. त्यानं तिला तशीच उचलली.

दवाखान्यात सर्जनबाई दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होत्या. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं छातीवरची रेष बघितली, जुना कागद बघितला. "लाली कधी वाढली?"

"वाढलीच नाही," नवरा ठामपणे म्हणाला. "मी स्वतः रोज बघतो. एकदाही रेष ओलांडली नाही."

डॉक्टरनं पेन थांबवलं. "म्हणजे इथलं आटोक्यात आहे. ताप दुसरीकडचा असेल. फुप्फुसं, लघवी, सगळं तपासू. रिपोर्ट सकाळी येतील. तोवर ताप उतरायचं औषध देतो."

घडीबाईनं डोळे मिटले. सकाळपर्यंत कोणी काही काढणार नव्हतं. गप्प पडून राहिलं तर सकाळपर्यंत ती होती तशी, दोन्ही बाजूंनी सारखी. पण तिला आतून इतकं थंड वाटत होतं की सकाळ कुठे आहे तेच कळेना. नवरा तिच्या कपाळावरून हात फिरवत होता. "घाबरू नकोस गं. ऐकलंस ना? आतच आहे."

तो हात तिला सोसवला नाही.

"रेष माझी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"डॉक्टरांची पुसली मी. ही मी काढलीय."

डॉक्टरनं कापसावर स्पिरिट घेऊन रेष घासली. ती ढिम्म हलली नाही. "चादरींची शाई आहे," ती म्हणाली. "जात नाही." मूळची रेष कुठे होती असं त्यानं विचारलं, तेव्हा तिनं पट्टी उपटली आणि अंदाजानं बोट ठेवलं, पार आत. डॉक्टर दाराकडे धावला आणि सर्जनबाईंना आत्ताच्या आत्ता बोलवा म्हणून ओरडला.

"काढा," ती त्याच्या पाठीला म्हणाली. तिचे दात वाजत होते. "ते आधी काढा."

खोलीत दोघंच उरले. नवऱ्यानं खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खाली वाकला. रोज तो रेषेवरून नजर फिरवायचा. आज त्यानं रेष सोडून दिली आणि तिची छाती बघितली, गळ्यापासून कुशीपर्यंत.

"अगं, केवढं पसरलंय हे," तो म्हणाला.